पाच गोळ्यांचा डाव

त्या रविवारी निहिरानं आजीला बुद्धिबळात हरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच! निहिरा बारा वर्षांची, आणि समोर सुजाता आरवाडे, जिनं सांगलीतल्या मुलांना चाळीस वर्षं बुद्धिबळ शिकवलं होतं. खरं तर निहिरानं घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. पण ती पटाकडे बघत बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

कारण आजी अगदी साध्या चुकीनं हरली होती. निहिराचा घोडा आजीच्या वजिरावर उघडउघड रोखलेला होता आणि आजीला तो दिसलाच नव्हता.

"छान खेळलीस गं," आजी म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. मे महिन्याच्या उकाड्यात तिनं खांद्यावर शाल घेतली होती.

"आजी, तुला घोडा खरंच दिसला नाही?"

"डोक्यात धुकं भरल्यासारखं होतंय बघ. चाल सुचते आणि हात पुढे करेपर्यंत विसरते." आजीनं शाल घट्ट ओढून घेतली. मग म्हणाली, "तेजलला कळवून टाकते. म्हणावं, मला जमणार नाही. दुसरं कुणीतरी बघ."

निहिरानं चटकन मान वर केली.

तेजल मगदूम ही आजीची जुनी विद्यार्थिनी. आता ती चंद्रावरच्या संशोधनतळावर अभियंता होती. अठरा जुलैला 'पृथ्वी विरुद्ध चंद्र' असा बुद्धिबळाचा सामना ठरला होता. चंद्रावरून तेजल खेळणार होती, आणि पृथ्वीकडून कोण, असं तिला विचारल्यावर तिनं एकच नाव घेतलं होतं, "आमच्या आरवाडे बाई." सांगलीतल्या सभागृहाची सगळी तिकिटं संपली होती. आणि आता बाईच नाही म्हणत होत्या.

आजी आडवी व्हायला आत गेली. निहिरा उठली आणि स्वयंपाकघरात पंतांना शोधायला गेली.

पंत म्हणजे त्यांच्या घरातला यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं आणि बोलणारं यंत्र). उंची स्टुलाएवढी, पायांच्या जागी चाकं आणि पोटात औषधांचा कप्पा. बोलणं इतकं नेमकं आणि अदबीचं, की आजीनं त्याचं नाव 'पंत' ठेवलं आणि घरातले सगळे त्याला अहो-जाहो करू लागले. आजीला गोळ्या देणं आणि दर सोमवारी तिच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन तपासणं हे त्यांचं काम.

"पंत, आजीला झालंय तरी काय?"

"सुजाताबाईंची थायरॉइड आळसावली आहे," पंत म्हणाले. थायरॉइड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती एक संप्रेरक (रक्तातून शरीरभर निरोप पोहोचवणारं रसायन) तयार करते. ते कमी पडलं, की शरीराचं सगळं कामच मंदावतं. माणूस थकतो, त्याला थंडी वाजते, आवाज जाड होतो, विचार सावकाश चालतात.

"पण त्यासाठी तिला गोळी आहे ना?"

"आहे. तेच संप्रेरक गोळीतून देतात. पण हे पाहा."

पंतांच्या छातीवरच्या पडद्यावर एक रेघ उमटली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, पंतांनी सांगितलं. रक्तात संप्रेरक कमी झालं, की ती थायरॉइडला हाक मारते, 'काम कर!' ही हाक म्हणजे दुसरं एक रसायन, आणि ते रक्तात मोजता येतं. संप्रेरक जितकं कमी, तितकी हाक मोठी. आकडा साधारण चारच्या आत हवा. आजीचा आकडा गेल्या वर्षी आठ होता, म्हणून डॉक्टरांनी गोळीची मात्रा (एका वेळी घ्यायच्या औषधाचं प्रमाण) वाढवली. तो दहा झाला. पुन्हा मात्रा वाढवली. आता तो अकरा होता.

"म्हणजे औषध वाढलं आणि हाकही वाढली?" निहिरा चक्रावली. "तुम्ही एखाद्या दिवशी गोळी द्यायला विसरलात का?"

"मी विसरत नाही," पंत किंचित दुखावल्यासारखे म्हणाले. "तीन वर्षं रोज सकाळी सात वाजता दुधाच्या चहाबरोबर पाच गोळ्या. थायरॉइड, रक्तदाब, कॅल्शियम, लोह आणि कोलेस्टेरॉल. तुमच्या बाबांनीच तशी वेळ लावून दिली आहे. एकदाच घेतल्या की काम झालं, असं ते म्हणाले होते."

मग गोळी पोटात जाते आणि पुढे कुठे जाते? निहिरा रेघेकडे टक लावून बघत राहिली. रेघ सगळीकडे वर चढलेली होती. फक्त एका जागी ती खाली आली होती.

"हे काय आहे?"

"एप्रिलचा पहिला आठवडा. आकडा सहापर्यंत उतरला होता. नंतर परत चढला."

"त्या आठवड्यात काय वेगळं झालं होतं?"

"काहीही नाही. जेवण, झोप, औषधं, सगळं नेहमीसारखं. मी दोनदा तपासलं आहे."

निहिरा हिरमुसून आपल्या खोलीत आली. टेबलावर तिची बुद्धिबळाची वही उघडी होती. आजीच्या वर्गात प्रत्येकाला प्रत्येक चाल लिहून ठेवावी लागे. हरलेला डाव घेऊन कुणी रडत आलं, की आजी एकच गोष्ट सांगायची, "हार विसाव्या चालीला दिसते रे, पण चूक बाराव्या चालीला झालेली असते. मागे जाऊन बघ."

निहिरा ताडकन उठली.

"पंत! एप्रिल नको. मार्च दाखवा. मार्चमध्ये काय वेगळं होतं?"

पंतांच्या पडद्यावर दिवस भराभर मागे सरकले. "एक मार्च ते पंचवीस मार्च सुजाताबाईंनी कॅल्शियमची गोळी घेतलेली नाही. दुकानातला साठा संपला होता."

निहिरानं चौकटीचा कागद घेतला. वरच्या ओळीत दर आठवड्याचा हाकेचा आकडा लिहिला आणि खालच्या ओळीत त्या आठवड्यातल्या गोळ्या. कॅल्शियम थांबलं, आणि आठवड्याभरानं आकडा हळूहळू उतरू लागला. कॅल्शियम पुन्हा सुरू झालं, आणि पंधरा दिवसांनी आकडा परत चढू लागला.

पंतांनी तो कागद चार सेकंद न्याहाळला. यंत्रमानवासाठी तो फार मोठा वेळ असतो.

"मी त्याच आठवड्यात कारण शोधत होतो," ते शेवटी म्हणाले. "कारण मागे होतं."

"पण इतका उशीर का लागला?"

पंतांनी बुद्धिबळाच्या पेटीतली सोळाही प्यादी टेबलावर ओळीनं मांडली. "ही रक्तातल्या औषधाची मात्रा समजा. समजा, आज गोळी बंद केली. एका आठवड्यानं..." त्यांनी आठ प्यादी उचलली. "निम्मं औषध उरलं. आणखी एका आठवड्यानं त्याच्या निम्मं. चार. मग दोन. औषध रक्तात निम्मं व्हायला जो वेळ लागतो, त्याला त्याचं अर्धायुष्य म्हणतात. काही औषधांचं अर्धायुष्य दोन-चार तासांचं असतं. ती दिवसातून तीनदा घ्यावी लागतात. थायरॉइडच्या गोळीचं साधारण सात दिवसांचं. म्हणून ती दिवसातून एकदाच पुरते. पण म्हणूनच तिच्यात केलेला कुठलाही बदल रक्तात पूर्ण दिसायला पाच-सहा आठवडे लागतात."

निहिरानं बोटं मोजली. सामन्याला नऊ आठवडे होते.

"मग उद्यापासून कॅल्शियम दुपारी द्या! आत्ताच वेळ बदला."

"नाही," पंत म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"वेळ आणि मात्रा डॉक्टर ठरवतात. तुमचा कागद मी मिरजेच्या डॉक्टर मुल्लांना पाठवला आहे. उद्या दहा वाजता त्यांनी बोलावलं आहे."

"एक अख्खा दिवस वाया जाईल!" निहिरानं पंतांच्या पोटातला कप्पा ओढून पाहिला. तो हलला नाही. तिचा आवाज ऐकून आजी दारात येऊन उभी राहिली होती.

"निहू, सोड तो कप्पा. पंतांचं बरोबर आहे. चूक कुठे झाली ते तुला सापडलं असेल. शाब्बास! पण पुढची चाल विचार केल्याशिवाय खेळायची नसते."

दुसऱ्या दिवशी तिघं मिरजेला गेली. डॉक्टर फरहाना मुल्ला औषधतज्ज्ञ होत्या. कुठलं औषध शरीरात कुठे जातं, कुणाशी भांडतं आणि किती वेळ टिकतं, हाच त्यांचा अभ्यास. त्यांनी निहिराचा कागद भिंतीवर लावून ठेवला होता.

"हे तू केलंस?" त्यांनी विचारलं. निहिरानं मान हलवली. "बस. तुला एक गंमत दाखवते."

त्यांनी दोन बाटल्या पुढे ठेवल्या. एकीत गाळलेलं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हीत साबणाचा थोडाथोडा चुरा टाकून त्यांनी बाटल्या निहिराच्या हातात दिल्या. "हलव जोरात."

गाळलेल्या पाण्यात बाटलीच्या तोंडापर्यंत फेस आला. बोअरच्या पाण्यात मात्र नुसती पांढुरकी साय तरंगली.

"दोन्हीत साबण सारखाच होता," निहिरा म्हणाली.

"मग फेस का नाही आला?"

"बोअरचं पाणी जड असतं. त्यात कॅल्शियम असतं..." निहिरा बोलता बोलता थांबली. "कॅल्शियमनं साबणाला धरून ठेवलं!"

"अगदी तस्सं. साबण बाटलीतच आहे, पण कॅल्शियमच्या तावडीत. फेस करायला मोकळा नाही. आजींच्या पोटातही तेच होत होतं. थायरॉइडचं औषध आतड्यातून रक्तात जायला हवं. त्याला म्हणतात अवशोषण (आतड्यातून औषध रक्तात शोषलं जाणं). पण कॅल्शियम आणि लोह त्याला वाटेतच धरून ठेवतात. मग ते तसंच शरीराबाहेर निघून जातं. दुधाच्या चहाचीही थोडी आडकाठी होते."

"म्हणजे या गोळ्या वाईट?" आजीनं विचारलं.

"मुळीच नाही. प्रत्येक गोळी आपापल्या जागी चांगली आहे. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या आणि प्रत्येकानं आपल्या कागदावर 'सकाळी' असं लिहिलं. कुणाचंच चुकलं नाही. पण तिघांचे कागद एकत्र ठेवून कुणी पाहिले नाहीत."

"मी पाहायला हवे होते," पंत म्हणाले.

"तुम्हाला फक्त वेळ सांगितली होती. कशाबरोबर काय चालत नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता सांगू."

निहिराला राहवेना. "मग काल रात्रीच कॅल्शियमची वेळ बदलली असती तर? पंतांनी ऐकलंच नाही."

डॉक्टर एकदम गंभीर झाल्या. "फार बरं झालं ऐकलं नाही ते. विचार कर. वाट अडलेली होती म्हणून आम्ही डॉक्टरांनी मात्रा दोनदा वाढवली होती. आता वाट मोकळी झाली आणि मात्रा तेवढीच राहिली, तर?"

निहिराचे डोळे विस्फारले. "सगळं औषध रक्तात जाईल. जास्त होईल!"

"हो. आजींची छाती धडधडली असती, हात थरथरले असते, झोप उडाली असती. सामन्याच्या दिवशी सोंगटी धरता आली नसती. म्हणून वेळ बदलताना मात्राही कमी करावी लागते. दोन्ही चाली एकदम. आणि ते रक्ताचे आकडे बघतच करायचं."

निहिरा पंतांकडे वळली. "सॉरी, पंत."

"हरकत नाही," पंत म्हणाले. "मलाही कारण माहीत नव्हतं. नियम तेवढा माहीत होता."

मग डॉक्टर, आजी आणि निहिरा नवा तक्ता करायला बसल्या. निहिराला वाटलं होतं की पाच गोळ्यांना पाच वेळा द्यायच्या की झालं. पण डॉक्टरांनी आधी आजीलाच विचारायला सुरुवात केली. उठता किती वाजता? जेवता कधी? दुपारी झोपता का? वर्ग किती वाजता? "तक्ता माणसाला जमायला हवा. नाहीतर चार दिवस पाळला जातो आणि पाचव्या दिवशी गुंडाळून ठेवला जातो."

रक्ताच्या तपासणीत लोह आता पुरेसं आहे असं दिसलं, म्हणून डॉक्टरांनी ती गोळी बंदच केली. उरल्या चार. थायरॉइडची गोळी सकाळी सहाला, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. रक्तदाबाची नाश्त्यानंतर. कॅल्शियमची दुपारच्या जेवणाबरोबर, कारण तिला अन्न सोबत लागतं आणि थायरॉइडच्या गोळीपासून किमान चार तासांचं अंतरही मिळतं. कोलेस्टेरॉलची झोपताना, कारण आपलं यकृत कोलेस्टेरॉल रात्री जास्त तयार करतं आणि आजीची गोळी कमी वेळ टिकणारी होती.

"आणि चहा?" आजीनं हळूच विचारलं.

"सात वाजता."

"सहाला उठायचं आणि सातपर्यंत चहा नाही?" आजीचा चेहरा बघून पंतसुद्धा दोन इंच मागे सरकले.

"तासभरच, बाई."

आजीनं मोठा सुस्कारा सोडला. "ठीक आहे. बुद्धिबळात काहीतरी दिल्याशिवाय काही मिळत नाही."

पहिल्या आठवड्यानंतर आकडा अकराच होता. दुसऱ्या आठवड्यानंतर साडेदहा. त्या सोमवारी आजी फार थकली होती. संध्याकाळी वर्गातल्या एका छोट्या मुलाचं नाव तिला आठवेना. घरी आल्यावर तिनं तेजलला नकाराचा निरोप पाठवायला पडदा उघडला.

निहिरानं सोळा प्यादी टेबलावर मांडली. "आजी, ही भरायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात थोडी, मग आणखी थोडी. तू अजून फक्त बाराव्या चालीला आहेस. निकाल विसाव्या चालीला दिसेल."

आजी प्याद्यांकडे बघत राहिली. मग तिनं पडदा मिटला. "बरं. चौथ्या आठवड्यापर्यंत थांबते. तुझ्यासाठी."

तिसऱ्या आठवड्यानंतर आकडा आठ झाला. चौथ्यानंतर सहा. एका सकाळी निहिरा जागी झाली ती गाण्याच्या आवाजानं. आजी स्वयंपाकघरात पोहे परतत गुणगुणत होती, आणि तिचा आवाज स्वच्छ, मोकळा होता. शाल कपाटात गेली होती. त्या दुपारी आजीनं निहिराला सतरा चालींत हरवलं. दुसऱ्या डावात चौदा चालींत.

आठव्या सोमवारी पंत रक्ताचा थेंब तपासून गोल फिरले आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात म्हणाले, "दोन पूर्णांक आठ!"

निहिरा आणि आजीनं एकमेकींना इतकी घट्ट मिठी मारली की पटावरच्या सगळ्या सोंगट्या खाली सांडल्या.

अठरा जुलैला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर आजी नारिंगी काठाची साडी नेसून ताठ बसली होती. तिच्यासमोर खुर्ची रिकामी आणि वर मोठ्या पडद्यावर तेजलचा चेहरा. तिच्यामागच्या खिडकीत चंद्राची राखाडी जमीन दिसत होती. इथून केलेली चाल तिथे पोहोचायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागायचा.

"नमस्कार, बाई," तेजल म्हणाली. "दया दाखवणार नाही हं."

"दाखवलीस तर वर्गातून नाव काढून टाकीन," आजी म्हणाली आणि सगळं सभागृह हसलं.

तेजल खरंच दया न दाखवता खेळली. सव्विसाव्या चालीला तिचे दोन्ही हत्ती आजीच्या राजाला घेरायला आले होते. लोक कुजबुजू लागले. निहिरा पहिल्या रांगेत पंतांचा धातूचा हात धरून बसली होती. आजी मात्र शांत होती. हात थरथरत नव्हता, नजर पटावरून ढळत नव्हती. तिनं पाच मिनिटं घेतली. मग वजीर उचलला आणि सरळ तेजलच्या कोपऱ्यातल्या राजाशेजारी नेऊन ठेवला.

सभागृहात कुणीतरी "अरेरे!" म्हणालं. वजीर फुकट गेला असंच सगळ्यांना वाटलं. पण निहिराला घोडा दिसला, आणि ती जागेवरच उडाली. आजीच्या घोड्याचा त्या घरावर पहारा होता, म्हणून राजाला वजीर मारता येत नव्हता. तेजलला तो हत्तीनंच मारावा लागला. आणि हत्ती तिथे येताच राजाच्या भोवती सगळीकडे त्याचीच माणसं उभी राहिली. पळायला एकही घर उरलं नाही. आजीचा घोडा उडी मारून पुढे आला.

"शहमात," आजी म्हणाली. खणखणीत आवाजात. मायक्रोफोनची गरजच नव्हती.

टाळ्यांनी छत उडून जाईल की काय असं वाटलं. मागच्या रांगेत डॉक्टर मुल्ला उभ्या राहून शिट्टी वाजवत होत्या. चंद्रावर तेजल दोन्ही हात डोक्याला लावून हसत होती. "बाई, अशी चाल तुम्ही दहा वर्षांत खेळला नव्हतात! काय खाल्लंत तरी काय?"

"काय खाल्लं ते महत्त्वाचं नाही गं. कधी खाल्लं, ते महत्त्वाचं," आजी म्हणाली. "हिला विचार." आणि तिनं निहिराला मंचावर बोलावलं.

निहिरानं सगळ्यांसमोर गोळ्यांची हकिकत सांगितली. आधी ती फक्त पंतांकडे बघत बोलत होती. साबणाच्या फेसापर्यंत आल्यावर मात्र ती विसरूनच गेली की समोर पाचशे माणसं बसली आहेत.

तेजल लक्ष देऊन ऐकत होती. ती म्हणाली, "निहिरा, आमच्या तळावर चौदा जण आहेत. त्यातल्या काहींना रोज तीन-तीन, चार-चार गोळ्या असतात. पण इथे सूर्य उगवला की चौदा दिवस मावळतच नाही. 'सकाळी एक, रात्री एक' असं लिहिलेलं असतं, पण आमची सकाळ कुठली आणि रात्र कुठली? तुझा तक्ता इथे चालेल का?"

निहिरानं क्षणभर विचार केला. "चालेल, तेजलताई. दोन गोळ्यांमधलं अंतर सूर्यावर मोजायचं नाही, तासांवर मोजायचं. आणि तुम्ही झोपता आणि उठता ती वेळ ठरलेली ठेवलीत, तर तुमच्या शरीराचं घड्याळही तीच सकाळ धरून चालेल. डॉक्टर मुल्ला सगळं तपासून देतील. तुम्ही आधी प्रत्येकाच्या सगळ्या गोळ्यांची एकच यादी करा. आणि शेजारी लिहा, कशाबरोबर घेता आणि किती वाजता."

आवाज चंद्रावर जाऊन परत येईपर्यंत अडीच सेकंद पडदा शांत होता. मग चंद्रावरून मोठ्यानं हसणं ऐकू आलं, आणि त्यामागोमाग पंतांच्या पडद्यावर पहिली यादी उमटू लागली.